युरोपात पहिल्यांदा स्की शिकताय? देश निवडताना या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की म्युनिकमधल्या आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो: "यंदा स्की शिकायचंय, कुठला देश बरा?" मग जो तो सल्ला देतो. फ्रान्सला जा, ले त्र्वा वाले या स्कीच्या भागात ६०० किलोमीटरचे उतार आहेत. इटलीला जा, डोलोमिटी सुपरस्कीचा लिफ्टचा एकच पास १,२०० किलोमीटरच्या उतारांवर चालतो. बल्गेरियाला जा, तिथे सगळंच स्वस्त. सल्ले खरे आहेत, पण नवशिक्याच्या उपयोगाचे नाहीत. पहिला आठवडा आपण एका छोट्याशा शिकाऊ उतारावर वर-खाली करण्यातच काढतो. तो उतार कुठे आहे आणि त्यावर कोण, कुठल्या भाषेत, किती जणांना शिकवणार आहे, हे आधी विचारा. देश त्यावरून ठरवा.

शिकाऊ उतार गावात की डोंगरावर?

स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला शिकाऊ उतार गावाच्या मधोमध आहे. कंटाळा आला, मूल रडायला लागलं, की पाच मिनिटांत खोलीवर. बल्गेरियातलं बान्स्को गाव खाली आणि शिकाऊ उतार वर डोंगरात. तिथे रोज सकाळी बहुतेकांना गोंडोल्याने, म्हणजे तारेवरच्या बंद डब्याने, जावं लागतं आणि गर्दीच्या आठवड्यात त्या रांगेतच वर्गाची वेळ टळते. बान्स्कोला जाऊ नका असं नाही. जाणार असाल तर हॉटेल गोंडोल्याच्या दाराशी घ्या, तिथे वाचवलेले पैसे रांगेत घालवू नका.

आणखी एक: पहिल्याच दिवशी सहा दिवसांचा पूर्ण पास घेऊ नका. फ्रान्समध्ये बऱ्याच ठिकाणी शिकाऊ उतारावरच्या काही लिफ्ट फुकट असतात. इतरत्रही नवशिक्यांसाठी वेगळा, स्वस्त पास बहुधा मिळतो.

"निळा म्हणजे सोपा" हे गृहीत धरणं

फ्रान्समध्ये उतारांचे रंग चार, सोप्यापासून अवघडाकडे: हिरवा, निळा, लाल, काळा. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटलीत हिरवा सहसा नसतो, तिथे सुरुवातच निळ्यापासून. त्यामुळे अगदी सपाट वाटही निळी आणि पोटात गोळा आणणारा उतारही निळा. नकाशावरचा रंग बघून एकट्याने निघू नका, "आम्हाला झेपणारा निळा कुठला?" असं शिक्षकाला सरळ विचारा. आणि सकाळी बर्फ कडक असताना जमलेला उतार दुपारी ढिगाऱ्यांनी भरलेला असतो, हेही धरून चला.

कोणता देश चांगलं शिकवतो, यावर वाद घालत बसणं

एके काळी या वादाला अर्थ होता. ऑस्ट्रियात सेंट अँटनला हान्नेस श्नायडरने स्की शिकवण्याची आर्लबर्ग पद्धत रुजवली, १९३०च्या दशकात फ्रान्सच्या एमिल आलेने वेगळी पद्धत मांडली आणि दोन्ही देश वळण घेण्याच्या आपापल्या रीतीवर अडून राहिले. आज नवशिक्याला सगळीकडे पहिला धडा एकच मिळतो: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. जर्मनमध्ये या आकाराला 'फ्लूग' म्हणतात, म्हणजे चक्क नांगर. मुलांना हाच आकार पिझ्झाचा तुकडा म्हणून शिकवतात.

फरक पडतो तो शिकवणाऱ्याच्या तयारीचा. फ्रान्समध्ये शिक्षकाला सरकारी पदविका लागते, ती मिळवायला काही वर्षं जातात. हाताखाली शिकाऊ शिक्षक असतात ते वेगळे. ऑस्ट्रियात पहिल्या पायरीचा उमेदवार शिक्षक थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर नवशिक्यांचा गट घेऊ शकतो. लहान मुलांसाठी मला हे तरुण उमेदवार आवडतात. ते न कंटाळता मुलांबरोबर बर्फात लोळतात. पण चाळिशीतल्या, पडायला घाबरणाऱ्या माणसाला अनुभवी शिक्षकच हवा, तसं बुकिंगच्या वेळी मागून घ्या.

भाषेचंही तसंच. "आमच्याकडे इंग्रजी येतं" या उत्तरावर थांबू नका. "आमच्या मुलाच्या गटात इंग्रजीत शिकवणार का?" असं विचारा. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना विभागवार सुट्ट्या लागतात, तेव्हा गटातली बाकी सगळी मुलं फ्रेंच असू शकतात आणि आपलं पोर न समजता कडेला उभं राहतं.

फीची तुलना तासांवर करा. ऑस्ट्रियात सकाळी दोन आणि दुपारी दोन तास असा दिवसभराचा वर्ग सर्रास असतो, फ्रान्समध्ये अनेकदा फक्त अर्धा दिवस. आठवड्याचा आकडा कमी दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

आम्ही स्वतः एकदा सुट्टी वाचवायला मंगळवारी पोहोचलो. गटाचे वर्ग रविवार-सोमवारी सुरू होऊन पुढे गेलेले, मधे कुणी घेईना. शेवटी खासगी शिक्षक घ्यावा लागला आणि वाचवलेल्या दोन दिवसांच्या कितीतरी पट पैसे गेले. आठवडा निवडायचा तर नववर्षाची गर्दी ओसरल्यावरचा जानेवारी उत्तम.

कागदपत्रं

अँडोरा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तिथे जायचं तर फ्रान्स किंवा स्पेनमधूनच आणि परतही तसंच, म्हणून भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसाने जाणाऱ्याला अनेक प्रवेशांचा व्हिसा हवा. इटलीत २०२२पासून उतारावर येणाऱ्या प्रत्येकाकडे दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा असणं सक्तीचं आहे आणि आता हेल्मेटही सगळ्या वयांना. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात स्कीइंगचा अपघात आणि डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च धरलाय का, ते वाचून घ्या. अनेक पॉलिसींत तो वगळलेला असतो.

उतारावर अडलात तर

पाय बधिर होतात? बहुधा मोजे जास्त झालेत. माझ्या वहिनी पहिल्या दिवशी लोकरीच्या दोन जोड्या आणि खाली थर्मल असा थर चढवून आल्या. तासाभरात डोळ्यांत पाणी. बुटात एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा घालायचा, थर्मलची कड बुटाच्या वर ठेवायची. बूट घट्टच हवा. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित सुटली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर दुकानात परत जा आणि बदलून घ्या, भीड बाळगू नका.

वजन विचारलं की खरं सांगा. पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची, ते त्यावरून लावतात. लाजून दहा किलो कमी सांगितले, तर ती नको तिथे सुटेल.

वेग आवरत नाही, मांड्या पेटतात? तुम्ही मागे झुकताय. उताराला घाबरलं की अंग आपोआप मागे जातं, पुढच्या टोकांवरचा भार जातो आणि स्की वळतच नाही. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर सतत दाबलेली ठेवा, हात समोर, ताट धरल्यासारखे, आणि नजर पायांकडे न ठेवता पुढे. वहिनींना हे दोन दिवस जमेना. तिसऱ्या दिवशी शिक्षकाने त्यांच्या काठ्या काढून घेतल्या, हात त्यांच्याच गुडघ्यांवर ठेवायला लावले आणि तसंच खाली यायला सांगितलं. आपोआप वाकल्या, वजन पुढे आलं, आणि त्या नांगर धरून अख्खा शिकाऊ उतार न पडता उतरल्या. खाली पोहोचल्यावर कुणाशी काही न बोलता त्या पुन्हा लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.