भूकंपात शहरातली जमीन कशी वागेल? तपासताना या चुका टाळा

फेरतपासणीला जमिनीच्या तपासणीचा अहवाल आला की मी निष्कर्षाचं पान उघडतच नाही. आधी बोअरलॉग (बोअरमध्ये किती खोलीवर काय लागलं याची नोंद) काढतो आणि भूजल पातळी कधी मोजली ते शोधतो. बऱ्याचदा तारीखच नसते. पाणी ओतत बोअर मारायचा, लगेच आत टेप सोडायची आणि तोच आकडा 'भूजल' म्हणून लिहायचा! अहो, ते तुम्हीच ओतलेलं पाणी आहे. बोअर झाल्यावर निदान २४ तास थांबा, आणि द्रवीकरणाचा (हादऱ्याने पाण्याने भरलेली वाळू पातळ होऊन ताकद गमावते, त्याचा) हिशेब वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीवर करा, मोजायला गेलात त्या दिवसाच्या नव्हे.

आता माझं खरं दुखणं: एसपीटीची, म्हणजे बोअरच्या तळाशी नळी ठोकून जमीन किती घट्ट आहे ते बघायच्या चाचणीची, एन व्हॅल्यू. ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंटीमीटरवरून पाडायचा, नळी ४५ सेंटीमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, पहिल्या १५ सेंटीमीटरचे सोडून द्यायचे; उरलेले ठोके म्हणजे एन. ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच बिघडतं.

एका जागेवर साडेसात मीटरला एन आली होती ४. वर-खाली त्याच वाळूत १६, १८. ऑफिसात बसलेल्या मंडळींनी ४ हा आकडा एक्सेलमध्ये घातला, द्रवीकरण निघालं, जमीन सुधारणेचा भलामोठा खर्चही मांडून झाला. बोअरवर मात्र कोणीच गेलं नव्हतं. मी शेजारी दुसरा बोअर मारायला लावला आणि नुसता बघत उभा राहिलो. कारागिराने अवजार झटक्यात वर उपसलं, बोअरमधलं पाणी खाली गेलं, आणि तो लगेच नळी सोडायला निघाला. त्याला थांबवून मी वजन बांधलेली टेप आत सोडली. तळ ७.५ मीटरला हवा होता, लागला ६.९ ला. साठ सेंटीमीटर वाळू आत चढून आली होती.

होतं असं की आतलं पाणी बाहेरच्या भूजलापेक्षा खाली गेलं की बाहेरचं पाणी तळातून आत घुसतं आणि वाळू उसवत येतं. त्यात अवजार जोरात उपसलं तर पिचकारीचा दट्ट्या ओढल्यासारखी ओढ बसते. मग ठोके मोजले जातात ते या उसवलेल्या वाळूचे. बोअर साफ करून, पाणी काठोकाठ ठेवून, अवजार सावकाश काढायला लावलं तेव्हा एन आली १७. तेव्हापासून ती टेप माझ्या पिशवीतून निघालेली नाही. प्रत्येक चाचणीआधी तळ मोजायचा, एवढंच. दोन मिनिटं लागतात, पण नव्या पोरांना त्याचाच कंटाळा. सॉफ्टवेअर शिकायला मात्र सगळे तयार.

उलटंही होतं. नळीच्या तोंडात गोटा अडकला की एन उगाच ५० वर जाते आणि जमीन 'भक्कम' ठरते. हातोड्याची ऊर्जा न मोजता एनच्या दुरुस्तीचा गुणक १ टाकणं म्हणजे तर निव्वळ रकाना भरणं.

वरच्या ३० मीटरचा शिअर वेव्ह वेग (जमिनीला आडवं हलवणाऱ्या लाटेचा वेग; जमीन मऊ तितका तो कमी) काढताना थरांच्या वेगांची सरळ सरासरी घेऊ नका. वरचे १० मीटर १५० मीटर प्रतिसेकंद आणि खालचे २० मीटर ५०० असतील, तर जाडीप्रमाणे सरासरी ३८३ येते. पण लाटेला प्रत्येक थरात लागलेला वेळ मिळवून ३० ला त्याने भागलं की येतात २८१. या वेगावरून जमिनीचा वर्ग ठरतो आणि वर्गाची सीमा ३६० ला आहे, म्हणजे एका चुकीच्या सूत्राने मऊ जमीन कडक वर्गात जाऊन बसली.

आणि केंद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. १९८५ च्या भूकंपाचं केंद्र मेक्सिको सिटीपासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. तरी जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवरचा भाग सुमारे दोन सेकंदांच्या लयीत झुलला आणि तिथल्या मध्यम उंचीच्या इमारती त्या लयीत सापडल्या. थराची जाडी गुणिले चार, भागिले त्याचा शिअर वेव्ह वेग: हा जमिनीचा आवर्तकाल, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ. तो इमारतीच्या आवर्तकालाशेजारी लिहून बघितल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.

बारीक कण आहेत म्हणून द्रवीकरण होणार नाही, असं गृहीत धरू नका. १९९९ मध्ये तुर्कस्तानातल्या अडापाझारीत गाळवट मातीवरच्या इमारती खचल्या आणि कलल्या.

जुने नकाशे बघा. बुजवलेला ओढा बोअरमध्ये सापडेलच असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात १९८९ साली भरावाच्या जमिनीनेच दगा दिला.

द्रवीकरणाचा सुरक्षा गुणक (जमिनीची ताकद भागिले भूकंपाचा ताण) १.०२ आला म्हणून 'सुरक्षित' लिहिणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

मायक्रोट्रेमरच्या (जमिनीच्या सततच्या बारीक थरथरीच्या) आलेखात सुईसारखं टोक दिसलं तर जमिनीचा आवर्तकाल मिळाला म्हणून नाचू नका, आधी शेजारी पंप चालू आहे का ते बघा. मी हे मापन रात्री दोननंतर घेतो. बरोबरची मंडळी कुरकुरतात, पण येतात.