निन्टेन्डो डीएसवर स्वतःचा प्रोग्राम: दोन प्रोसेसर कामाला कसे लावायचे

धुळे-जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मायक्रोकंट्रोलरच्या प्रॅक्टिकलला एलईडी लुकलुकला की बहुतेकांचा उत्साह तिथंच संपतो. पुढे जायचं असेल तर नवा बोर्ड घेण्याआधी २००४ सालचा निन्टेन्डो डीएस हा हातात धरायचा गेम कन्सोल बघा, असं मी म्हणेन. दोन स्क्रीन, बटणं, टच, आवाज सगळं तयार, आणि मधे ऑपरेटिंग सिस्टीमची लुडबुड नाही.

आत दोन प्रोसेसर आहेत. ६७ मेगाहर्ट्झचा एआरएम ९ गेम आणि चित्रं सांभाळतो. ३३ मेगाहर्ट्झचा एआरएम ७ आवाज, टच आणि वायफाय. ४ एमबी मुख्य मेमरी दोघांत सामाईक. गंमत बघा, ए आणि बी बटणं दोघांनाही वाचता येतात, पण एक्स आणि वाय फक्त एआरएम ७ ला.

सुरुवातीला संगणकावर डेव्हकिटएआरएम (कोडचा डीएसवर चालणारा प्रोग्राम बनवणारी साधनं) आणि लिबएनडीएस (डीएससाठीची तयार फंक्शन्स) टाका, सोबत मेलनडीएस हा एम्युलेटर, म्हणजे संगणकावर डीएसची नक्कल करणारा प्रोग्राम. सगळं फुकट आहे, आणि मे महिन्यात भरदुपारी वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहतं. लिबएनडीएससोबत एआरएम ७ चा तयार प्रोग्राम येतो. पहिले काही दिवस त्याला हात लावू नका.

आता स्क्रीन रंगवू, तीही थेट रजिस्टरमधून, म्हणजे हार्डवेअरला हुकूम द्यायच्या ठरावीक पत्त्यांवर लिहून. पुढचे पत्ते आणि त्यांत लिहायच्या किमती हेक्समध्ये (सोळाच्या पायात) आहेत. ०४०००३०४ वर ८००३ लिहा: स्क्रीन आणि मुख्य ग्राफिक्स इंजिन चालू, चित्र वरच्या स्क्रीनवर. ०४०००२४० या एका बाइटच्या रजिस्टरमध्ये ८०: व्हिडिओ मेमरीची ए बँक (तिचा एक भाग) चालू. ०४०००००० वर ०००२००००: त्या बँकेत जे असेल ते जसंच्या तसं दाखव. बँक ०६८००००० पासून सुरू होते. तिथून २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ पिक्सेल, प्रत्येकी १६ बिट.

रंगात खालचे पाच बिट लाल, पुढचे पाच हिरवे, त्यापुढचे निळे. लाल ३१ आणि हिरवा ३१ घेतला तर दशमान १०२३, झगझगीत पिवळा. रावेरच्या पिकल्या केळीचा रंग हवा असेल तर हिरवा २६ वर आणा: ८६३. या पत्त्यांवर लिहिणारा पॉइंटर व्होलाटाइल ठेवा, म्हणजे कंपायलर ते लिहिणं गाळणार नाही, आणि व्हिडिओ मेमरीसाठी तो १६ बिटांचाच ठेवा. व्हिडिओ मेमरीत एकेक बाइट लिहायला गेलात तर एआरएम ९ चं ते लिहिणं वायाच जातं.

खरी परीक्षा पुढे आहे. दोन प्रोसेसरांत निरोप द्यायला फिफो नावाची रांग असते: प्रत्येक दिशेला ३२ बिटांचे १६ शब्द. छोटा आकडा थेट तिच्यात टाका. मोठा डेटा, समजा डफाच्या ठोक्याचं रेकॉर्डिंग, मुख्य मेमरीत ठेवून फक्त त्याचा पत्ता पाठवा.

इथंच भले भले अडकतात. एआरएम ९ ला डेटा कॅश, म्हणजे स्वतःजवळची छोटी वेगवान मेमरी आहे, एआरएम ७ ला नाही. एआरएम ९ ने लिहिलेलं बऱ्याचदा कॅशमध्येच पडून राहतं. अडत्याने कच्च्या वहीत नोंद केली, पण पक्क्या खात्यात उतरवलीच नाही, तसं. एआरएम ७ जुनंच खातं वाचतो आणि ठोक्याऐवजी खरखर ऐकू येते. म्हणून पत्ता पाठवण्याआधी लिबएनडीएसचं डीसी फ्लशरेंज हे फंक्शन चालवा, ते कॅशमधलं मुख्य मेमरीत उतरवतं. उलट दिशेने आलेला डेटा वाचण्याआधी डीसी इनव्हॅलिडेटरेंज, ते कॅशमधली जुनी प्रत रद्द करतं. कॅशची एक ओळ ३२ बाइटची असते. बफरचा, म्हणजे डेटा ठेवायच्या जागेचा, पत्ता आणि आकार दोन्ही ३२ च्या पटीत ठेवा, नाहीतर इनव्हॅलिडेट करताना शेजारच्या व्हेरिएबलची किंमत उडते.

बऱ्याच एम्युलेटरांत या कॅशची नक्कलच नसते, त्यामुळे तिथं सगळं गोड वाजतं. ही चूक पकडायला जुना डीएस आणि फ्लॅशकार्ट (मेमरी कार्डावरचा स्वतःचा प्रोग्राम डीएसवर चालवणारं कार्ट्रिज) ऑनलाइन मागवा. मायक्रोएसडी कार्ड जळगावच्या गोलाणी मार्केटात मिळून जाईल. आवाजाचा कोड बदलला की दरवेळी फाइल कार्डवर टाकून खऱ्या डीएसवर ऐका, शक्यतो हेडफोन लावून.