साथ येण्याआधी: किडनी बदललेल्या लेकरासाठी घरातली तयारी

माझ्या लेकाच्या पोटात, उजव्या बाजूला खाली, माझी किडनी आहे. आम्ही अमळनेरचे, ऑपरेशन मुंबईला झालं. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वे थांबली, लॉकडाऊन लागलं, तेव्हा डब्यात टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध, पाचच दिवसांचं उरलं होतं. एका दुकानदारानं "तेच औषध आहे वहिनी" म्हणत दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सुली हातावर ठेवल्या. मी आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून बरं झालं. कंपनी बदलली की रक्तातली औषधाची पातळी वरखाली होऊ शकते, त्यांना विचारून आणि रक्त तपासूनच बदलायचं असतं. शेवटी आमचं औषध नाशिकहून परतणाऱ्या, चोपड्याच्या केळीच्या रिकाम्या गाडीतून आलं. ते चार दिवस मी विसरलेले नाही.

म्हणून पहिलं काम साठ्याचं. डबा अर्ध्यावर आला की मागवायचं, निदान महिन्याभराचं जास्तीचं घरात हवं. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) यांतलं जे चालू असेल ते त्याच नावाचं, त्याच ताकदीचं. जुनी पाकिटं आधी संपवा, मुदत बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत औषध ठेवू नका. माठाशेजारीही नको, ओल लागते. मी मधल्या खोलीतल्या कोनाड्यात, मूळ पाकिटातच ठेवते.

वेळ सकाळी आठ, रात्री आठ. घरातल्या मोठ्यांना हे नीट समजावून ठेवा. माझ्या सासूबाई मायेनंच म्हणायच्या, "येक गोयी चुकनी ते काय व्हई?" त्यांना मी सांगितलं, परक्या किडनीला शरीर शत्रू समजतं, त्याला गप्प ठेवणारी ही गोळी आहे. तेव्हापासून आठच्या ठोक्याला त्याच हाक मारतात. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर किती वेळात झाली की परत द्यायची, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारा आणि कपाटाच्या दारावर लिहून चिकटवा. ताप आला म्हणून घाबरून स्वतःच्या मनानं औषध बंद करू नका. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टर करतील. स्टेरॉइड तर एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

आता काढ्याचं बोलते, कारण कोरोनात गावोगाव तेच चाललं होतं. गुळवेल, आणि "प्रतिकारशक्ती वाढवणारं" जे जे कोणी आणून देईल ते या लेकराला नको. जी शक्ती दाबून आपण किडनी टिकवतो, तीच चेतवायला निघालेलं औषध आपल्या काय कामाचं? आणणाऱ्याचा मान राखा, पुडी बाजूला ठेवा. पपनस आणि चकोतराही नको, त्यानं टॅक्रोलिमसची पातळी चढते. अंगदुखीला, तापाला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही. पॅरासिटामॉल चालतं, वजनाप्रमाणे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल यांनीही पातळी वाढते, म्हणून कुठल्याही नव्या डॉक्टरांपुढे आधी औषधांची चिठ्ठी ठेवायची. आमची लॅमिनेट करून दप्तराच्या कप्प्यात असते.

घरात थर्मामीटर, वजनकाटा, मापाचं भांडं आणि लहान मुलांच्या पट्ट्याचं बीपी मशीन हवं. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडाला लावला तर आकडा खोटाच कमी दिसतो. वहीत रोज एक ओळ: वजन, बीपी, पाणी किती प्यायला, लघवी किती झाली. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, लघवी कमी झाली, किडनीच्या जागी दुखलं किंवा वजन एकदम वाढलं, तर सकाळची वाट न बघता फोन. जुलाब लागले तरी फोन लगेच. आपल्या उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं कमी होतं, किडनीवर ताण येतो, शिवाय जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढते. दिवसाचं पाणी डॉक्टर ठरवून देतात. मी सकाळीच तेवढ्या बाटल्या भरून ओळीनं मांडते, त्याला रिकाम्या करत जायला आवडतं.

टॅक्रोलिमसची पातळी तपासायचं रक्त सकाळच्या गोळीआधी द्यायचं. गोळी डब्यात घालून सोबत न्या, सुई निघाली की तिथंच द्या. प्रवास बंद झाला तर हे रक्त जळगाव किंवा धुळ्यात कोण घेईल, हे शांत दिवसांत विचारून ठेवा, आणि रिपोर्ट मुंबईला फोनवर पाठवायची सवय आत्ताच लावा.

लसींचं थोडक्यात. फ्लूची इंजेक्शनवाली लस दरवर्षी, घरातल्या सगळ्यांना. गोवर-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लसी, ऑपरेशननंतर साधारणपणे देत नाहीत. धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब द्यायचे तर आधी विचारा, त्या लसीचा विषाणू शौचातून काही आठवडे बाहेर पडतो.

मास्क, हात धुणं, लग्नाच्या पंगतीला न जाणं हे सगळ्यांना पाठ आहे. एवढं मात्र सांगते, कोरोनात अशा बहुतेक मुलांना आजार सौम्यच झाला. म्हणून पोराला घरात कोंडून घाबरवून ठेवू नका. सकाळी अंगणात, गच्चीवर खेळू द्या, फक्त पोटाला मार लागणार नाही एवढं बघा.

राहिलं शेवटचं. जिनं किडनी दिली ती आईही एका किडनीवर आहे. तिचं बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) वर्षातून एकदा बघायचं, दुखण्याच्या गोळ्या तिनंही टाळायच्या. आणि ती आजारी पडली तर गोळ्या कोण देणार? गेल्या दिवाळीत मी आठ दिवस काहीच हातात घेतलं नाही. यांनी गोळ्या मोजल्या, वही लिहिली, एकदा चुकून प्रेडनिसोलोन काढायचं विसरले. लेकानंच ओळखलं, "बाबा, छोटी पांढरी राहिली."