शेजारच्या टेबलाचं एक काम शिकून ठेवा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल ठप्प झाल्या. अशा दिवसांत ऑफिसला पोचलेल्या तीन-चार जणांवरच सगळा भार येतो. पगाराची फाईल बँकेत कशी पाठवायची हे एकालाच ठाऊक आणि नेमका तोच घरी अडकला, तर सगळ्यांचा पगार रखडतो.

म्हणून दर शुक्रवारी जेवणानंतर अर्धा तास शेजारच्या सहकाऱ्याचं एक काम स्वतः करून बघा. तो बाजूला बसेल, पण माउस तुमच्या हातात हवा. नुसतं बघून काम येत नाही. पायऱ्या वहीत लिहा: कोणती फाईल, कोणाची सही, अडलं तर कोणाला फोन. पासवर्ड मात्र वहीत नकोत. पुढच्या शुक्रवारी तुमचं काम त्याला करू द्या.

‘माझं काम दुसऱ्याला आलं तर माझी गरज काय?’ ही भीती खरी आहे, नोकरकपातीच्या दिवसांत तर जास्तच. तरी मी शिकवण्याच्याच बाजूने आहे. दोन टेबलांचं काम येणाऱ्याला विभाग बदलला तरी धडकी भरत नाही, आणि घरी कोणी आजारी पडलं तर निर्धास्त रजा घेता येते. सुरुवात पगार, बिलं आणि हजेरीपासून करा.