सेमिस्टरचा शेवटचा पंधरवडा: या चुका टाळा

सेमिस्टरच्या शेवटी जे मार्क बुडतात, ते सगळेच अभ्यास कमी पडल्यामुळे बुडत नाहीत. सही राहिली, फॉर्मची तारीख गेली, बाइंडिंगवाल्याकडे रांग होती, चुकीच्या माटुंग्याला उतरणं झालं, अशा गोष्टींत बरेच जातात आणि त्यांवर रात्रभर जागून इलाज होत नाही. म्हणून या दिवसांची कामं लावताना एक क्रम धरा: जे दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी, जे फक्त तुमच्या हातात आहे ते नंतर. धडा रात्री दोनला वाचता येतो. विभागप्रमुखांची (एचओडींची) सही रात्री दोनला मिळत नाही.

मुंबई विद्यापीठाशी संलग्न आणि स्वायत्त कॉलेजांचे नियम सारखे नसतात, तेव्हा खालचे आकडे आपल्या कॉलेजच्या परिपत्रकाशी ताडून घ्या.

डिफॉल्टर (कमी हजेरीवाल्यांची) लिस्ट लागेपर्यंत हजेरीकडे न बघणं

७५ टक्क्यांची अट सगळ्यांना पाठ असते, तिचं गणित मात्र फारसं कोणी करत नाही. समजा ४० लेक्चर झाली आणि तुम्ही २८ ला होतात, म्हणजे ७० टक्के. पुढची सलग ८ लेक्चर बसलात तर ४८ पैकी ३६ होऊन बरोबर ७५ टक्के भरतात. पण ४० पैकी २४ च असतील, म्हणजे ६० टक्के, तर आणखी २४ लेक्चर सलग बसावं लागेल. शेवटच्या पंधरवड्यात एका विषयाची तेवढी लेक्चर उरलेलीच नसतात. पहिल्या प्रकारात बसून काम भागतं. दुसऱ्या प्रकारात लगेच क्लास टीचरना भेटा.

भेटायला जाताना हात हलवत जाऊ नका. एनएसएसचं शिबिर, खेळाची स्पर्धा, कॉलेज फेस्टचं काम यांसाठी गैरहजर असाल तर त्या दिवसांची पत्रं संबंधित शिक्षकांच्या सहीनिशी हवीत. ती वेळेवर ऑफिसात न देणं ही सगळ्यात फुकट जाणारी हजेरी. आजारपणाचं सर्टिफिकेट आजारातून उठल्याबरोबर द्यायचं असतं. मार्चच्या तापाचा कागद एप्रिलअखेर आणला की खरा असूनही संशयास्पद दिसतो.

याच फेरीत अंतर्गत गुणही बघून घ्या. जिथे अंतर्गत आणि लेखी दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात, तिथे ६०-४० च्या विभागणीत लेखीत २४ आणि अंतर्गत १६ हवेत. लेखीत ५५ आणि अंतर्गत १४ पडले तर बेरीज ६९ होते, आणि तरीही केटी लागते, म्हणजे तो विषय पुन्हा द्यावा लागतो. गुण पुढे पाठवले जाण्याआधी एखादी राहिलेली असाइनमेंट शिक्षक कधी कधी घेतात, नंतर त्यांच्या हातात काही उरत नाही.

जर्नलच्या सह्या एकाच दिवशी घेणं

सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत, आणि आदल्या दिवशी स्टाफरूमबाहेर अख्खा वर्ग उभा असतो. प्रयोग पुरा झाला की त्याच आठवड्यात सही घ्या. राहिल्याच असतील तर निदान तीन-चार दिवस आधी, इंडेक्समधले तारीख, पान क्रमांक आणि सहीचे रकाने भरून मगच जा. रिकामा इंडेक्स दिसला की शिक्षक परत पाठवतात, आणि ते बरोबरच करतात.

उतरवून काढलेलं जर्नल पकडायला एक्स्टर्नलना (बाहेरून आलेल्या परीक्षकांना) फार वेळ लागत नाही. रीडिंग मित्राचं आणि ग्राफ आपला, ते एकमेकांशी जुळत नाहीत. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची खास चूक म्हणजे आउटपुटच्या स्क्रीनशॉटमध्ये फोल्डरच्या पत्त्यात मित्राचं नाव तसंच राहिलेलं असतं. प्रोग्रॅम स्वतःच्या मशीनवर पुन्हा चालवून नवा स्क्रीनशॉट घ्यायला दहा मिनिटं लागतात. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) निदान प्रत्येक प्रयोगाचं सूत्र, एकक आणि 'हे रीडिंग असं का आलं' याचं उत्तर तयार ठेवा.

ब्लॅक बुक: इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो

प्रोजेक्टचा मजकूर पूर्ण झाला म्हणजे ब्लॅक बुक, म्हणजेच प्रोजेक्टचा बांधलेला अहवाल, झालं असं समजू नका. छपाई, सह्या आणि बाइंडिंग मिळून निदान चार दिवस धरा. सीझनमध्ये सगळ्या कॉलेजांच्या तारखा एकाच आठवड्यात येतात आणि सोनेरी अक्षरांचं हार्ड बाइंडिंग त्याच दिवशी मिळेलच असं नाही.

झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल देऊ नका. त्यांच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात, तक्ता अर्धा पुढच्या पानावर जातो आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक खोटे ठरतात. पीडीएफच द्या, आणि ती करण्याआधी अनुक्रमणिका अपडेट करून घ्या. मराठीतला प्रोजेक्ट असेल तर जास्तच जपा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतो. शक्य असेल तर सुरुवातीपासून युनिकोडमध्येच टाइप करा. पीडीएफ झाल्यावर 'ऱ्या', 'र्क' आणि 'श्र' असलेले शब्द शोधून एकदा डोळ्यांखालून घाला, कारण अक्षरं फुटतात ती बहुधा तिथेच.

पानाचा आकार तपासा. वर्डमध्ये पुष्कळदा 'लेटर' हा आकार आधीपासून ठरलेला असतो आणि दुकानात कागद असतो ए४, त्यामुळे समास बिघडतात. डावीकडे दीड इंच समास सोडा. बाइंडिंग त्यातला बराच भाग खातं, आणि एक इंच ठेवलेल्यांच्या ओळींची सुरुवात शिलाईत जाते. सगळी पानं रंगीत छापू नका. रंगीत पानांचे क्रमांक कागदावर लिहून द्या, बाकीची काळी-पांढरी, खर्च बराच कमी होतो. सर्टिफिकेटच्या पानावर सही आधी की बाइंडिंग आधी, हे कॉलेजनुसार बदलतं. गाइडना विचारा आणि त्या पानाची एक जादा प्रत सोबत ठेवा. कव्हरवरचा मजकूर सोनेरी छपाईआधी दोघांनी वाचावा. आत चूक राहिली तर एक पान बदलता येतं, कव्हरवर राहिली तर सगळं कव्हर नवं करावं लागतं.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर निघताना लॉगआउट करा. घाईत हे हमखास राहतं आणि तुमचे मेसेज दिवसभर तिथल्या स्क्रीनवर येत राहतात. तिथे लावलेला पेनड्राइव्ह घरी येऊन थेट उघडू नका, आधी स्कॅन करा.

मजकूर दुसरीकडून उचललाय का हे बघणारं साम्य तपासणीचं सॉफ्टवेअर कॉलेजात असेल तर शेवटच्या दिवशी रिपोर्ट काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं आहे आणि त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या आहेत. पदवीच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजं आपली मर्यादा वेगळी ठरवू शकतात. एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुरातला मोठा धोका संदर्भयादीत असतो, कारण दिलेला लेख किंवा त्याचं पान अस्तित्वातच नसतं. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, सापडला नाही तर काढून टाका.

हॉल तिकीट फक्त डाउनलोड करणं

उघडून वाचा. नाव, फोटो, माध्यम आणि प्रत्येक विषयाचा कोड. ऐच्छिक विषय बदललेल्यांच्या आणि जुन्या पॅटर्नची केटी देणाऱ्यांच्या बाबतीत कोड चुकण्याची शक्यता जास्त. चूक दिसली की त्याच दिवशी परीक्षा विभागात जा, सोबत फी भरल्याची पावती आणि गेल्या सेमिस्टरची मार्कशीट न्या. फी खात्यातून गेली पण पोर्टलवर दिसत नसेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. ट्रान्झॅक्शन क्रमांक लिहून घ्या, स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट काढा आणि अर्ज द्या. केटीचं केंद्र तुमच्या नेहमीच्या कॉलेजात असेलच असं गृहीत धरू नका.

केंद्र दुसरीकडे असेल तर स्टेशन नीट बघा. माटुंगा मध्य रेल्वेवर आहे, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर, आणि किंग्ज सर्कल हार्बरवर. परळ मध्य रेल्वेवर, त्याला लागून असलेलं प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर. नावाच्या सारखेपणाने दहा-पंधरा मिनिटं आरामात जातात. विद्यापीठाच्या दोन जागाही डोक्यात वेगळ्या ठेवा, फोर्टचा परिसर आणि कालिन्याचं विद्यानगरी, यांत बरंच अंतर आहे.

लोकल रखडली तर काय, हे आदल्या रात्री ठरलेलं असावं. दादरला पश्चिम आणि मध्य रेल्वे बदलता येतात, कुर्ल्याला मध्य आणि हार्बर. घाटकोपर ते अंधेरी–वर्सोवा ही २०१४ पासून चालणारी मेट्रो मध्य आणि पश्चिम मार्गांना जोडते. पास कधी संपतो तेही आदल्या रात्रीच बघा. पेपरच्या सकाळी तिकीट खिडकीच्या रांगेत कोणी ओळखीचं नसतं. रविवारच्या मेगाब्लॉकची वेळ शनिवारीच बघून ठेवा, ब्लॅक बुक आणायला बहुतेक जण त्याच दिवशी निघतात.

वाचत राहणं आणि आठवून न बघणं

रंगीत पेनांनी अधोरेखित केलेल्या नोट्स तिसऱ्यांदा वाचल्या की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांत मोठा फरक आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र न बघता आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणून टॉपिक वाचला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर येईल तेवढं लिहा, मग उघडून जे सुटलं ते वेगळ्या शाईने भरा. त्या शाईत जे आहे तेच उद्या वाचायचं.

निदान एक जुना पेपर घड्याळ लावून, हाताने, पूर्ण लिहा. ६० मार्कांना दोन तास म्हणजे एका मार्काला दोन मिनिटं, त्यामुळे १५ मार्कांच्या प्रश्नाला अर्धा तास. पुन्हा वाचायला दहा मिनिटं राखायची तर त्या प्रश्नाला २७ मिनिटांच्या आसपास थांबायला हवं. सेमिस्टरभर टाइप करणाऱ्या हाताला सलग दोन तास लिहायची सवय राहिलेली नसते, तेही इथेच कळतं. आणि ग्रुपवर फिरणारी 'आयएमपी'ची (महत्त्वाच्या प्रश्नांची) पीडीएफ उघडण्याआधी ती कुठल्या वर्षाच्या सिलॅबसची आहे ते पहिल्या पानावर बघा.

घरात जागा किंवा शांतता नसेल तर आपल्या भागातली अभ्यासिका शोधा. परीक्षेच्या दिवसांत तिथल्या जागा लवकर भरतात, तेव्हा प्रवेशाची चौकशी पेपर सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात करून ठेवावी.

जागरण, कटिंग आणि चायनीज भेळ

कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाच्या कॉफीचा निम्मा भाग पहाटे तीनला अंगात असतो, म्हणून पडलात तरी झोप कच्ची लागते. चहा-कॉफी संध्याकाळी पाचपर्यंत आटपा. सलग १७-१९ तास जागं राहिल्यावर लक्ष आणि प्रतिक्रिया थोडी दारू प्यायल्यासारख्या मंदावतात, आणि अशा डोक्याने गणिताचा पेपर सोडवणं तोट्याचंच. आदल्या रात्री निदान सहा तास झोपा. एखादा टॉपिक सुटला तर सुटू द्या.

पेपरांच्या दिवसांत गाडीवरची चटणी, बर्फाचा गोळा आणि उघड्यावरचं सरबत बाजूला ठेवा. जुलाब लागलेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून दिवसभर घोट घोट प्या, चमचा चहाचा. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर डॉक्टर.

झोपच लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं सतत वाटतंय, हे परीक्षेचं साधं टेन्शन समजून रेटू नका. घरच्या किंवा कॉलेजातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

उत्तरपत्रिकेत

मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायला सुरुवात केली. स्कॅनमध्ये फिकट पेन्सिलची आकृती जवळजवळ दिसत नाही, तेव्हा एचबीने ठळक काढा. पाठच्या पानावर शाई उमटवणारं जेल पेन टाळा. बारकोडवर किंवा त्याच्या कडेला काही लिहू नका. प्रश्न क्रमांक समासात स्पष्ट लिहा, उपप्रश्नासकट. पुरवणीचा आकडा पहिल्या पानावर भरायचा राहतो, कारण शेवटच्या दोन मिनिटांत ती बांधायची घाई असते; पुरवणी हातात आली की लगेच भरा.

निकालानंतर

पुनर्मूल्यांकनाची आणि केटीच्या फॉर्मची मुदत वेगवेगळी असते. रिव्हॅलचा निकाल येईपर्यंत केटीचा फॉर्म थांबवणाऱ्यांचं पूर्ण सेमिस्टर अडकतं. दोन्ही भरा. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळाली की आधी बेरीज तपासा, मग प्रत्येक उत्तराला मार्क दिलेत का ते बघा, पुरवणीतल्या उत्तरांनाही. न तपासलेलं पान सापडलं तर अर्जात पान क्रमांक आणि प्रश्न क्रमांक लिहा, पोचपावतीवर ऑफिसचा शिक्का घ्या आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवा.