नेव्हिगेशनची ती वॉर्निंग स्क्रीन, अखेर सुटका (माझा अनुभव)

गाडी चालू केली की दरवेळी तेच, "रस्त्याकडे लक्ष द्या" आणि खाली ओके, ते दाबल्याशिवाय नकाशाच दिसत नाही, आणि ते बटण दाबायला नजर रस्त्यावरूनच काढावी लागते, सुरक्षेसाठी म्हणे! खूप चिडचिड व्हायची. सेटिंगमध्ये सगळं शोधलं, बंद करायचा ऑप्शनच नाही. मग लक्षात आलं की ही स्क्रीन फक्त गाडीच्या स्वतःच्या मॅपला आहे. म्हणून फोन केबलने जोडून अँड्रॉइड ऑटो (फोनवरचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) लावलं, फोनच्या सेटिंगमध्ये ते आपोआप सुरू होण्याचं 'नेहमी' केलं, ऑफलाइन मॅपही उतरवून ठेवला. आता निघायच्या आधीच फोनवर पत्ता टाकतो, गाडी सुरू केली की थेट रस्ता समोर.