रात्रीच्या पाण्याला जाताना: बॅटरीचं जाकीट घेण्याआधी

डिसेंबर लागला की आमच्याकडे खान्देशात दोन गोष्टी जोडीने येतात, भरताची वांगी आणि रात्रीची लाइट. शेतीच्या फिडरला थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. गव्हाला तर पाणी वेळेवरच लागतं. मे महिन्यात ४५ अंशांत भाजून निघणारा हाच मुलूख पौषात पहाटे ७-८ अंशांवर येतो, धुळ्याकडे कधी त्याच्याही खाली. वर सातपुड्यात डाब-वालंब्याकडे दव गोठलेलं लोकांनी पाहिलंय. गेले तीन हिवाळे मी बॅटरीवर तापणारं जाकीट वापरतोय. मोटरीवर भेटणारा प्रत्येक जण कापडाला हात लावून विचारतो, “भाऊ, कोणतं घेऊ?” एकदाच सगळं लिहून टाकतो.

हे कपडे चालतात थंड देशांत. मोटारसायकलवाले घालतात, बांधकामावरची माणसं घालतात, आणि शिकारी. झाडावरच्या मचाणात न हलता चार-चार तास बसायचं म्हणजे अंग आतून तापतच नाही, म्हणून त्यांना बाहेरून ऊब लागते. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद, तो विषयच नाही. पण हरभऱ्यात रानडुकरं शिरू नयेत म्हणून माळ्यावर रात्र काढणाऱ्याच्या अंगाची गत तीच असते. फरक एवढाच की तिकडचे लोक कापड सळसळत नाही ना, हे आधी बघतात. जनावर बुजायला नको. आपल्याला ते बुजायलाच हवंय, त्यासाठी तर आपण डबे बडवतो! तेव्हा व्हिडिओत कुणी मऊ, बिनआवाजाच्या कापडासाठी हजार रुपये जास्त मोजायला सांगत असेल तर सोडून द्या. वारा अडवणारं साधं नायलॉनचं अस्तर बघा. नदीकाठच्या वावरात थंडीपेक्षा वाराच जास्त छळतो.

दुकानात जाण्याआधी स्वतःची एक रात्र नीट आठवून बघा. वाफे फोडताना, फावडं चालवताना घाम येतो. तेव्हा जाकीट बंदच ठेवायचं, नाहीतर आतला सदरा ओला होतो आणि नंतर तोच गारठवतो. थंडी वाजते ती पाणी लावून बांधावर बसल्यावर. माझं म्हणाल तर रात्रीच्या आठ तासांतले तीन-साडेतीन तासच ते चालू असतं. म्हणून मी बिनबाह्यांचं, हाफ जाकीट घेतलं. हात मोकळे राहतात, वरून जुनं स्वेटर नाहीतर शाल घेता येते. तापणाऱ्या पट्ट्या पाठीवर आणि मानेपाशी आहेत ना, एवढं बघा. मान तापली की अर्धी थंडी पळते. नुसत्या छातीवर दोन पट्ट्या असलेलं स्वस्त मिळतं, ते घेऊ नका.

आता बॅटरी. इथे घाई करू नका, पैसे इथेच बुडतात. एका प्रकारात कंपनीची स्वतःची ७.४ व्होल्टची बॅटरी येते. ती लवकर तापते, पण दोन वर्षांनी तशीच पिन असलेली दुसरी शोधत फिरावं लागतं. दुसरा प्रकार साध्या पॉवर बँकेवर, ५ व्होल्टवर चालतो. बर्फात पहिला घ्यावा, खान्देशात दुसरा पुरतो. पॉवर बँक चोपड्यात मिळते, शिरपुरात मिळते, आणि रात्री मोबाइल उतरला तर तोही तिच्यावर चढतो.

किती तास चालेल याचा हिशोब सोपा आहे. १०,००० एमएएच लिहिलेली पॉवर बँक म्हणजे आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ३७ वॅट-तास. व्होल्टेज चढवताना थोडं वाया जातं, हातात ३० च्या आसपास धरा. जाकीट मोठ्या आचेवर १० वॅट खात असेल तर तीन तास, बारीक आचेवर ४ वॅट खात असेल तर सात-साडेसात तास. दुकानदार ‘दहा तास चालतं’ म्हणाला तर कोणत्या आचेवर, ते विचारा. मी पहिल्या वर्षी ऑनलाइन मागवलेल्या जाकिटासोबत २०,००० छापलेली बॅटरी आली होती. वजनाला साबणाच्या वडीएवढी, आणि दोन तासांत गार. खरी २०,००० ची पॉवर बँक साडेतीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात भरते, हातात घेतली की कळतं. मागच्या बाजूला बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर छातीजवळच्या खिशात लिथियमची बॅटरी ठेवायचं धाडस करू नका.

अंगात घालून बघताना आतून एक पातळ सुती सदरा असावा. उघड्या कातडीवर पट्टी नको, आणि जाड स्वेटरवरही नको. ऊब अंगापर्यंत पोचतच नाही. जाकीट अंगाला बेताचं चिकटलं पाहिजे. घरात ज्यांना साखरेचा त्रास आहे, पायाला मुंग्या येतात, त्यांनी फार जपावं. हाताला बेताची लागणारी ऊबसुद्धा एकाच जागी तासन्‌तास राहिली तर कातडी भाजते, आणि ज्याला जाणीव कमी त्याला ते सकाळीच कळतं. आमच्या नानांना म्हणून मी जाकीट दिलं नाही. त्यांची गोधडी आणि कानटोपी बरी. पेसमेकरवाल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घालूच नये. आणि चालू ठेवून झोपू नका, अर्ध्या तासाने आपोआप आच कमी करणारं असलं तरी.

तापणारे मोजे, हातमोजे यांच्या वाटेला मी गेलो नाही. चिखलात गमबूट घालून उभं राहायचं तर मोज्याची बॅटरी भिजायला वेळ लागत नाही. पायात दोन जोड लोकरी मोजे, आणि एक कोरडा जोड पिशवीत. स्टार्टरला हात लावताना हात कोरडे हवेत, ते तर जाकीट असो नसो. टोपी कानावरून ओढून घेणारं जाकीटही मला आवडत नाही. केळीच्या बागेत काय सळसळलं ते ऐकू आलं पाहिजे. बिबट्याच्या बातम्या काही उगाच येत नाहीत.

शेकोटीपासून मात्र लांब. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांची, ठिणगी उडते ती थेट नायलॉनवर. गेल्या वर्षी आमच्या मळ्यावर भरीत-पार्टीत वांगी भाजताना माझ्या उजव्या खिशाच्या वर तुरीच्या डाळीएवढं भोक पडलं. वायर थोडक्यात वाचली. भोक पट्टीवर पडलं असतं तर जाकीट भंगारात. म्हणून शेकत बसायचं असेल तर ते काढून खुंटीला. धुताना बॅटरी काढायची, पिनेचं रबरी झाकण लावायचं, हाताने हलकं चोळायचं. पिळायचं नाही, इस्त्री नाही. सावलीत वाळवायचं.

होळीनंतर जाकीट पेटीत जातं, पण पॉवर बँक त्याच्या खिशात ठेवू नका. मी ठेवली होती. पेटी पत्र्याच्या खोलीत, वरती माळ्यावर. तिथे मे महिन्यात उघड्या हातानं पेटीची कडी धरवत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत काढली तर मधून फुगून पुरीसारखी झालेली. टोचायची नाही, चार्ज करायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही, एवढं माहीत होतं. कोरड्या वाळूच्या घमेल्यात ठेवून अंगणात कोपऱ्याला दोन दिवस, मग तालुक्याला इ-कचरा घेणाऱ्याकडे. आता नवी पॉवर बँक उन्हाळाभर माजघरात गव्हाच्या कोठीशेजारी असते, अर्धी चार्ज केलेली, आणि दर दोन महिन्यांनी मी तिचे दिवे बघून घेतो.